टायरमधली हवा आणि मनगटाचे हाड

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा पडलात?" मनगटाला प्लास्टर घालून दवाखान्यात बसलो, तेव्हा प्रत्येक पेशंट हसत हेच विचारत होता. रक्तातली साखर वाढली म्हणून मी जाड टायरची, गिअरची सायकल घेतली आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढू लागलो. साखर आटोक्यात आली. पण एका सकाळी परतताना आडवाटेच्या मुरमात, वळणावर पुढचे चाक सरकले. पडताना हात आपोआप पुढे गेला आणि मनगटाजवळचे हाड मोडले.

चूक माझीच होती. डांबरी चढावर सायकल हलकी चालावी म्हणून टायरमध्ये 60 पौंड हवा भरली होती आणि तशीच सायकल मुरमात घातली. टणक टायर खड्यांवर टेकत नाही, उडतो. हवा थोडी कमी असली की टायर दबतो, त्याचा जास्त भाग जमिनीला लागतो आणि पकड येते. आता मी डांबरावर 45 आणि मुरमावर 35 पौंड हवा ठेवतो. वजनदार माणसाला थोडी जास्त लागते. टायरच्या कडेला हवेचे प्रमाण छापलेले असते, ते मोडू नये. हवा फारच कमी झाली तर दगडावर रिम आपटून ट्यूब दोन ठिकाणी चिरते.

टायरची नक्षीही पाहावी. मोठ्या बटणांचा टायर डांबरावर घुरघुरतो आणि उगाच दमवतो. तिथे मधोमध सपाट पट्टी असलेला टायर बरा. मुरमाला बारीक, जवळजवळ बटणे चालतात. काळ्या मातीच्या चिखलात मात्र बटणांमध्ये अंतर हवे, नाहीतर माती भरून टायर गुळगुळीत होतो. वाळूत रुंद टायर आणि कमी हवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्या दगडावर कोणत्याही टायरचा भरवसा नाही. तिथे उतरून चालावे, यात कमीपणा नाही.

मागचे चाक सरकले तर बहुधा सावरता येते, पुढचे सरकले तर माणूस पडतोच. म्हणून चांगला टायर पुढे असावा. ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे.

हवा जास्त असली की रस्त्याचे हादरे थेट तळहातात येतात. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताशी शीर दबते आहे असे समजावे. हवा थोडी कमी करावी, हातांची जागा बदलत राहावी. मुंग्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे.

पडलातच, तर खरचटलेले साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. मनगट सुजले तर चोळू नका, एक्स-रे काढा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हेल्मेट तर हवेच.

माझे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. आता डांबर सोडण्यापूर्वी मी खाली उतरतो, अंगठ्याने टायर दाबून पाहतो आणि थोडी हवा सोडतो. अर्धा मिनिट लागतो. वाचकहो, सायकल जरूर चालवा. फक्त चाकाखाली काय आहे, ते आधी पाहा.