खोटा मासा

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा नदी वाहते. या भागातील नदीनाल्यांत आणि तळ्यांत मरळ नावाचा मासा सापडतो. तो शिकारी आहे. लहान मासे आणि बेडूक हे त्याचे खाद्य. पुष्कळ लोक गळाला गांडूळ लावून मासे पकडतात. काही जण मात्र लाकडाचा किंवा कठीण प्लास्टिकचा खोटा मासा वापरतात. त्याला वास नाही, चव नाही. मग मरळ फसतो कसा? तो हालचालीला फसतो.

खोट्या माशाच्या तोंडाशी एक लहान पट्टी असते. दोरी ओढली की पट्टीवर पाणी आदळते. त्यामुळे तो डुलतो आणि बुडी मारतो. पट्टी लांब असली तर तो खोल जातो. आखूड असली तर वरच्या पाण्यातच राहतो. नितळ पाण्यात चंदेरी रंग निवडावा, गढूळ पाण्यात भडक. दोरी ओढताना मध्ये मध्ये थांबावे, म्हणजे जखमी माशाचा भास होतो. दाट पाणवनस्पतींत मात्र त्याचे उघडे गळ अडकतात.

मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात मरळ आपल्या पिलांची राखण करतो. तेव्हा तो खोट्या माशावर झडप घालतो, ती भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी. त्याला पकडले, तर पिले पोरकी होतात आणि दुसरे मासे त्यांना खाऊन टाकतात. म्हणून पाण्यात पिलांचा लालसर घोळका दिसला, तर दोरी गुंडाळून घ्यावी. आज पिले वाचली, तरच उद्या तळ्यात मासे राहतील.