गाडी उचलली, शाफ्टचं काय?

जुनी पिकअप उचलून घ्यायची हौस आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पुष्कळांना असते. मोठी चाकं, जाड पाटे, लांब शॅकल. दोन दिवसांत गाडी चार इंच उंच! बाहेरून बघणाऱ्याला सगळं झाल्यासारखं दिसतं. पण खरं काम गाडीखाली असतं आणि ते प्रोपेलर शाफ्टचं असतं.

मागच्या चाकांमधलं हौसिंग चाकांबरोबर खालीच राहतं. नुसते पाटे बदलून ते तसूभरही वर जात नाही, त्याला मोठे टायरच लागतात. वर जाते ती चासी, आणि तिच्यासोबत गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस. या दोन टोकांना जोडणारा फिरता नळा म्हणजे शाफ्ट. उंची वाढली की तो जास्त तिरका होतो आणि त्याला जास्त लांबीही लागते.

माझ्या मामांना त्यांची फोर बाय फोर पिकअप चार इंच उचलायची होती. "तू फिजिक्स शिकतेस ना, मग सांग बघू," म्हणाले. दहावीची त्रिकोणमिती पुरली. समजा शाफ्ट एक मीटरचा आहे आणि आधी ६ अंश तिरका आहे. चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उचलल्यावर तो साडेअकरा अंशांवर जातो आणि दीड सेंटिमीटर कमी पडतो. शाफ्ट अर्ध्या मीटरचाच असेल तर कोन थेट १७ अंश होतो आणि दोन सेंटिमीटर तूट येते. जितका शाफ्ट आखूड, तितका त्रास जास्त.

१७ अंशांनी बिघडतं काय? शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. (या जोडाला इंग्लंडात हुकचं नाव मिळालं, युरोपात कार्डानचं. मोटारीत तो रुळवला क्लॅरेन्स स्पायसरने; कॉर्नेलमध्ये शिकत असतानाच त्याने यावर काम सुरू केलं आणि १९०३ मध्ये पेटंट मिळवलं.) क्रॉसचा स्वभाव असा, की एक बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी दुसरी तशी फिरत नाही. १७ अंशांवर दर फेरीत दोनदा वेग साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि दोनदा जवळजवळ तेवढाच घटतो. मिनिटाला २४०० फेरे धरले तर सेकंदाला ८० हिसके!

मग साध्या गाड्या हादरत का नाहीत? कारण दुसरा क्रॉस पहिल्याची चूक निस्तरतो. त्याला अटी दोन: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. लांब शॅकल लावलं की हौसिंगचं तोंड फिरतं आणि पहिली अट मोडते. मग पाट्याखाली पाचर घालून तोंड परत वळवावं लागतं. कोन फारच मोठा असेल तर ट्रान्सफर केसच्या टोकाला जोड क्रॉस बसवतात. तिथे मात्र हौसिंगचं तोंड जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत आणायचं. पुढच्या अॅक्सलला हा उपाय डोळे झाकून करू नये. तो फिरवला की स्टिअरिंगचा कोनही बदलतो आणि गाडी रस्त्यावर भरकटायला लागते.

लांबीचं सांगते. शाफ्टमध्ये एक भाग दुसऱ्यात सरकतो, तो स्लिप जॉइंट. उचललेल्या गाडीत तो आधीच बाहेर ओढलेला असतो. चाक खड्ड्यात लटकलं की पूर्ण निसटू शकतो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर शाफ्ट गाडीलाच उचलतो, तेही वेगात. म्हणून माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं, जॅकवर नाही. पाटे पूर्ण लटकलेले आणि पूर्ण दबलेले, दोन्ही स्थिती तपासायच्या. शाफ्ट लांब झाला तरी तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ठोसे मारतो. मध्ये तुकडा जोडण्यापेक्षा अख्खा नवा नळा घालावा, लेथवर सरळ करावा आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय घरी आणू नये. एका गॅरेजवाल्याने मामांना "बॅलन्सिंग कशाला, चालतंय की" असं सांगितलं होतं. चालत नाही.

शेवटी मामा दोन इंचांवर राजी झाले. आखूड शाफ्टचा कोनही मग साडेअकराच्या आसपासच राहतो. कायद्याचंही आहेच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावलं. तेव्हा काम करण्याआधी आरटीओत विचारावं.

उचललेली गाडी तुमच्याकडे आधीच असेल तर कान देऊन चालवा. गिअर टाकताच 'टक्' वाजलं तर आधी क्रॉस हलवून बघा. एका ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरली तर बॅलन्सिंगचा संशय घ्या. अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना घरघर बदलत असेल तर बहुतेक कोन चुकलेत.