‘सांग ना, करतो’ने ओझं हलकं होत नाही

मुलीची दहावी आणि सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच महिन्यात येतं. त्यातच माहेरून फोन, आईचा गुडघा पुन्हा सुजलाय. पंचेचाळिशीच्या आगेमागे असलेल्यांच्या बहुतेक घरांत हा महिना येऊन गेलेला असतो, नाहीतर यायचा असतो. एका हाताशी मुलं आणि दुसऱ्या हाताशी आईवडील असलेल्या या पिढीला ‘सँडविच जनरेशन’ हे नाव अमेरिकेतल्या समाजकार्याच्या अभ्यासक डोरोथी मिलर यांनी १९८१ मध्ये दिलं.

म्हाताऱ्यांची आणि मुलांची उस्तवार एकाच वेळी करणं आपल्याकडे पूर्वीही होतंच. मोठ्या कुटुंबातही ती बायकांच्याच अंगावर पडायची. पण काकू, थोरली जाऊ, माहेरी परतलेली आत्या अशा चारजणींत ती वाटली जायची. आता लग्नं आणि मुलं उशिरा होतात, आयुष्य लांबलं आहे, भावंडं एक किंवा दोन, आणि त्यातलं एक बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती. देशाचा आकडा होता ८.६. माणसांचं आयुर्मान वाढलं, घरातले हात कमी झाले.

झोपूनही न जाणारा थकवा

‘बर्नआउट’ची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केली, मात्र ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती. घरात सेवा करणारं माणूस त्या व्याख्येत बसत नाही. बर्नआउटची तीन लक्षणं मात्र घरातही जशीच्या तशी दिसतात. पहिलं, रात्रभर झोपूनही अंगातून न जाणारा शीण. दुसरं, ज्यांच्यासाठी राबतो त्यांच्याबद्दलच कोरडेपणा. आईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की आवाज चढतो आणि मग रात्री ते मनाला खात राहतं. तिसरं, आपलं एकही काम धड होत नाही, ही टोचणी. आवाज चढला म्हणून आपण वाईट मुलगा किंवा वाईट सून ठरत नाही. ते दमणूक हाताबाहेर चालल्याचं लक्षण असतं.

शरीरही हिशेब ठेवत असतं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. तशीच जखम, अशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयोगटातल्या १३ स्त्रियांनाही केली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९५ साली आलेला हा अभ्यास लहान आहे, पण ‘मी ठीक आहे’ असं तोंडाने म्हटलं तरी शरीर ते मानतंच असं नाही, हे त्यातून दिसतं.

डबा भरायला दहा मिनिटं

इतकं दमायला होतं कशाने? औषधांचा डबा बघा. सात वार, प्रत्येकाचे तीन कप्पे. रविवारी रात्री तो भरायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. पण रक्तदाबाची गोळी बुधवारी संपणार, थायरॉइडची उपाशीपोटी द्यायची, साखरेच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदललाय तेव्हा जुनी स्ट्रिप चुकून जायला नको, हे सगळं आठवडाभर एकाच डोक्यात फिरत असतं. त्याच डोक्यात शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, फीची शेवटची तारीख असते, क्लासची बदललेली वेळ असते.

अशा वेळी नवरा किंवा भाऊ मनापासून म्हणतो, “तू फक्त सांग ना, करतो.” सांगितलं की तो करतोही. पण लक्षात ठेवणं, वेळेवर सांगणं आणि झालं का ते बघणं पहिल्याच माणसाकडे राहतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यात स्त्रियांचा वेळ जातो दिवसाला साधारण १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. ही मिनिटं हातांनी केलेल्या कामाची. डोक्यात चालू असलेल्या यादीचं मोजमाप त्यात येत नाही.

अख्खं खातं सोपवा

म्हणून अर्धा तास फिरून आल्याने किंवा महिन्यातून एकदा सिनेमाला गेल्याने बरं वाटलं, तरी परतल्यावर यादी होती तिथेच असते. सुट्टं काम न देता अख्खं खातं दुसऱ्याकडे द्यायला हवं. ‘बाबांचं हॉस्पिटल’ हे एक खातं: अपॉइंटमेंट, फाइल, रिपोर्ट, औषधं, पुढची तारीख, सगळं एकाच्या नावावर. परदेशातला भाऊ मेडिक्लेमचे कागद, वीजबिल, ऑनलाइन औषधं हे सगळं तिथे बसून सांभाळू शकतो. वर्षातले दोन आठवडे येऊन राहिला, तर बहिणीला घराबाहेर पडता येतं. सोळा वर्षांची नात आजीचा डबा मोठ्यांच्या देखरेखीखाली नीट भरू शकते. आजोबांना जे जमतं ते त्यांच्याकडेच राहू द्यावं. भाजी निवडून देणारा माणूस स्वतःला ओझं समजत नाही.

त्यासाठी डोक्यातलं कागदावर यावं लागतं. एक वही पुरते: औषधांची नावं, डोस, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांच्या ओपीडीचे वार, पॉलिसी नंबर.

पैशाचं बोलायला आपण कचरतो. पण आईवडिलांची पेन्शन, ठेवी त्यांच्याच सेवेसाठी आधी वापरणं यात कमीपणा नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण २०२४ पासून मिळू लागलं आहे. ते कार्ड काढून ठेवावं. मदतनीस बाई ठेवायची तर अंथरुणाला खिळेपर्यंत थांबू नये. “परक्या बाईच्या हातचं नको” म्हणणाऱ्या आईला, आधी दोन तास स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची सवय होते. पुढे त्यांनीच अंघोळ घातली तर तेवढं अवघड वाटत नाही. वस्तीतला ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र असेल, तर आईवडिलांची संध्याकाळ तिथे रमते.

दोन नंबर फोनमध्ये असावेत: ज्येष्ठांविषयीच्या मदतीसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल किंवा ‘यातून सुटका व्हावी’ असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना गाठायलाच हवं.

खातं दिल्यावरची खरी परीक्षा देणाऱ्याची असते. दादा फाइल वेगळी लावेल, एखादा रिपोर्ट घरी विसरेल. तेव्हा “राहू दे, मीच करते” असं म्हणून खातं परत घेतलं, की ते पुन्हा कुणी मागणार नाही. जिवावर बेतणारी चूक नसेल, तर ती ज्याची त्याला निस्तरू द्यावी.