अर्ध्या तिकिटात भोर-वेल्हे

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट लागतं. गाडी साधी असो की शिवशाही, राज्याच्या हद्दीत सवलत सारखीच. तिचा पहिला फायदा अर्थातच रोज ये-जा करणाऱ्यांना झाला: शाळेच्या बाई, आशाताई, माहेरी निघालेल्या लेकी, भाजीची पाटी घेऊन भोरला येणाऱ्या मावश्या. याच गर्दीत अधूनमधून पाठीवर सॅक आणि पायात ट्रेकचे बूट घातलेली एखादी मुलगी खिडकीशी बसलेली असते. बरोबर कुणी नसतं. तिकीट काढताना कंडक्टर एकदा तिच्याकडे, एकदा मागच्या सीटकडे बघतो आणि विचारतो, "एकच का?"

एकच. आणि स्वस्तही. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा एक टप्पा दहा रुपयांच्या घरात गेला. स्वारगेट ते भोर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नऊ टप्पे. पूर्ण तिकीट नव्वदच्या पुढेमागे आणि बाईला त्याच्या निम्मं. किरकोळ अधिभार धरूनही जाऊन-येऊन शंभराच्या आसपास भागतं. पुण्यात याहून जास्त पैसे रिक्षाला जातात.

तेव्हा पैशाचं गणित सोपं आहे, अवघड आहे ते वेळापत्रकाचं. चौघं-पाच जण मिळून गेले आणि परतीची गाडी चुकली तर जीप ठरवतात, पैसे वाटून घेतात, वर त्याचा किस्सा सांगतात. एकटीला वाटून घ्यायला कुणी नसतं. जीपवाला पाच जणांचं भाडं एकटीकडून घेतो, किंवा अनोळखी माणसाच्या दुचाकीवर बसायची वेळ येते. एकटीच्या प्रवासातली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे चुकलेली एसटी. मराठी बाई काही आज घराबाहेर पडलेली नाही, पंढरीच्या वाटेवर ती शतकानुशतकं चालते आहे. पण तिथे दिंडी असते. चूल सामाईक, मुक्काम सामाईक, रात्री उशाशी चार ओळखीच्या बाया. एकटीनं जायचं तर दिंडीची ही सोय आधी बसून कागदावर करावी लागते.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे नैर्ऋत्येकडचे डोंगरी तालुके. २०२४ मध्ये राज्य सरकारनं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तरी बोलण्यात अजून वेल्हेच. दोन्ही तालुक्यांना एसटीची जुनी सवय आहे. भोरला आगार आहे. आडगावांच्या बऱ्याच गाड्या 'मुक्कामी' असतात: संध्याकाळी गावात पोचतात, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत फिरते. गावाचं सगळं चक्र या गाडीवर चालतं. फिरायला येणारीनंही तिच्याच वेळेनं चालावं.

पहिल्याच खेपेला किल्ला गाठायची घाई करू नये. एक दिवस भोर गाव पुरेसं आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण यांच्या घराण्याचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. गावात पंतसचिवांचा राजवाडा आहे, सिनेमावाल्यांच्या नेहमीच्या ओळखीचा. नीरेचा काठ आहे, आणि जवळच वेळवंडीवरचं ब्रिटिशकालीन भाटघर धरण. येताजाता महामार्गावर चेलाडी फाट्याला उतरलं की नसरापूर, आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे मंदिर झाडीत आहे, आणि तिथे कुटुंबांची वर्दळ असते. एकट्या बाईला अशी वर्दळ फार उपयोगी पडते, कारण तिथे कुणी टक लावून बघत नाही.

मग किल्ले. राजगड की तोरणा, हा प्रश्न एकटीसाठी नकाशापेक्षा एसटीवर सुटतो. तोरण्याचा पायथा म्हणजे खुद्द वेल्हे, तालुक्याचं गाव. गाडीतून उतरावं आणि चढायला लागावं. पोलीस ठाणं, दवाखाना, खानावळ सगळं तिथेच. पण चढ लांब, उघडा, आणि उन्हात माणसाचा घाम काढणारा. 'प्रचंडगड' हे नाव उगीच पडलेलं नाही. राजगडाला पोचायचं तर नसरापूर-वेल्हे रस्त्यावर मार्गासनीला उतरून साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत गाडी किंवा वडाप बघावं लागतं. तिथून चोरदरवाजाची वाट पद्मावती माचीवर निघते, शेवटचा टप्पा रेलिंगला धरून. पाल गावाकडून पायऱ्यांची राजमार्गाची वाट जास्त सोपी. पालमध्येच महाराणी सईबाईंची समाधी आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्यांचं राजगडावर निधन झालं, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. गडाकडे धावणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत. थांबायला हवं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. शनिवार-रविवारी राजगडावर गर्दी असते. शांतता शोधणाऱ्यांना ती खुपेल, पण पहिल्यांदा एकटीनं जाणारीला ती गर्दीच सोबत असते. राजगडावरून डोंगरधारेनं तोरण्याला जाण्याची वाट ट्रेकरांत फार प्रसिद्ध आहे. ती मात्र एकटीनं करू नये. पाय मुरगळला तर मधल्या पट्ट्यात हाक ऐकणारं कुणी भेटेलच असं नाही, आणि फोनला रेंज असेलच असंही नाही.

पद्मावतीच्या मंदिरात आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पूर्वी ट्रेकर बिनधास्त पथारी पसरायचे. एकटीनं मुक्काम गावातच धरावा. पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण आणि राहण्याची सोय करणारी घरं आहेत. भोरकडच्या रायरेश्वराच्या पठारावर तर वरच वस्ती आहे, तिथली जंगम मंडळी पाहुण्यांना ठेवून घेतात. पिठलं, भाकरी, ठेचा, रात्री अंथरूण. दर आधी विचारावा, आणि ज्या घरात बाईमाणूस आहे तेच घर निवडावं. २०२३ मध्ये राज्यानं महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बायकांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा ही त्यातली मुख्य तरतूद. धोरण पुण्याच्या हॉटेलांपेक्षा गुंजवण्याच्या ओसरीवर पोचलं, तर फिरणारीची आणि भाकरी थापणारीची, दोघींचीही सोय होईल.

ओसरीवर प्रश्न मात्र ठरलेले. "एकटीच आलीस व्हय?" "घरी म्हाईत हाय का?" "लगीन झालंय?" शहरातल्या मुलीला हे नको तितकं खासगी वाटतं, आणि तसं ते आहेही. पण याच चौकशीमुळे निळ्या सॅकवाली पोर सकाळी वर गेली, हे ताक विकणाऱ्या मावशीला माहीत असतं आणि दुपार टळली तरी ती उतरली नाही, हेही तिच्याच लक्षात येतं. शहरात असं लक्ष ठेवणारं कुणी नसतं.

शहराचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगायला हवं. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. तुमची गाडी तिकडे लागली आहे, असं सांगून तिला नेण्यात आलं होतं. दोष तिचा काडीचाही नव्हता. पुण्याहून भोरला जाणारी बाई बहुधा याच स्थानकातून निघते, आणि तिला घरून 'रानात जपून' असं बजावलेलं असतं. प्रत्यक्षात ही घटना राज्यातल्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांपैकी एकात घडली. गाडी कुठे लागली हे चौकशी खिडकीवर विचारावं, फलाटाबाहेर उभ्या गाडीत चढू नये आणि ११२ हा क्रमांक फोनवर हाताशी ठेवावा. पण दिवे, रखवालदार आणि रिकाम्या गाड्यांना कुलूप ही जबाबदारी प्रवासी बाईची नव्हे.

दुसरा धोका पाण्याचा, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. १९ मे २०२२ रोजी भाटघरच्या फुगवट्यात नऱ्हे गावाजवळ पाच जणी बुडून गेल्या. काठ उथळ दिसतो आणि एका पावलावर तळ सुटतो. सोबत कुणी नसताना धरणाच्या पाण्यात उतरूच नये, पोहता येत असलं तरी. पावसाळ्यात केळदजवळचा मढे घाट आणि महाडकडे उतरणारा वरंध घाट देखणे होतात आणि तितकेच निसरडे. जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, वरंधची वाहतूक वरचेवर बंद होते. आदेश निघाला की एसटी फिरते, आणि एसटी फिरली की एकटीचा बेत कोसळतो. म्हणून पहिली खेप ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावी.

आणखी एक साधी गोष्ट: गडावर स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नये. भोर किंवा वेल्ह्याच्या स्थानकावर, नाहीतर ज्या घरी जेवण सांगितलं आहे तिथे विचारून घ्यावं. नाही कुणी म्हणत नाही.

गडाकडे वळण्यापूर्वी उतरलेल्या गाडीच्याच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारावं. फलकावरची वेळ जुनी असू शकते. त्यानं सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी फाट्यावर येऊन उभं राहावं.