शेळीच्या लेंडीत दडलाय तुमचा नफा

शेळीपालन सुरू करताना सगळे शेड, जात आणि बाजारभाव विचारतात. लेंडीबद्दल कुणीच विचारत नाही. पण दहा शेळ्यांतली एक दगावली, की कळपाचा दहावा हिस्सा गेला. आणि पोट बिघडल्याची पहिली बातमी बहुतेकदा लेंडीच देते.

रोज सकाळी गोठा झाडण्याआधी पाच मिनिटं फिरा. काय बघायचं?

१. सुटी, गोल, घट्ट लेंडी: पोट ठीक.
२. चिकटलेले गोळे: चारा बदललाय की जंत झालेत, तपासा. ती शेळी वेगळी बांधा.
३. करडांना रक्ताची हगवण: कॉक्सिडिओसिस असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.
४. रवंथ बंद, डावी कूस फुगलेली: पोटफुगी. अजिबात थांबू नका.

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरसारख्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळा. पाणथळ जागेतल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमी पसरतात. म्हणून दलदलीत शेळ्या चारू नका. खालची पापणी आतून फिकट दिसली किंवा जबड्याखाली सूज आली, तर लेंडीचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. अंदाजाने जंतनाशक पाजत राहिलात तर पैसे जातात आणि पुढे जंत औषधाला दाद देत नाहीत.

पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. कोवळा चारा हळूहळू वाढवा.

आणि एक वही ठेवा: तारीख, शेळीचा नंबर, लेंडी, औषध, खर्च. विक्रीचा हिशेब वर्षातून काही वेळाच लिहाल, हा मात्र रोजचा. चला, उद्या सकाळपासून सुरू करा!