परक्यांच्या सणाची रात्र

१९५० साली स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसे. तिथल्या कर्मठ प्रेस्बिटेरियन चर्चला नाताळचा थाटमाट मान्य नव्हता. लोकांचा खरा सण नववर्षाचा. नाताळची सुट्टी मिळाली ती १९५८ साली. लंडन मात्र त्या रात्री सणाच्या गुंगीत असणार, हे ग्लासगो विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या इयन हॅमिल्टनने बरोबर हेरलं. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या राज्याभिषेकाच्या खुर्चीखालची शिळा पळवायची होती. वजन सुमारे १५२ किलो! स्कॉटलंडच्या राजांचे अभिषेक हिच्यावर होत. १२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ती लुटून नेली.

गॅव्हिन व्हर्नन, ॲलन स्टुअर्ट आणि तरुण शिक्षिका के मॅथेसन असे साथीदार जमले. पहिल्या रात्री ॲबीत दडून बसलेला हॅमिल्टन पहारेकऱ्याला सापडला. त्याने विचारपूस करून सोडून दिलं. नाताळच्या पहाटे तिघे तरुण दार उचकटून आत शिरले, शिळा ओढली, आणि ती पडून दुभंगली.

इथून पुढे निव्वळ प्रहसन. लहान तुकडा गाडीत टाकतात न टाकतात तोच पोलीस हजर. हॅमिल्टन आणि मॅथेसन यांनी प्रेमी युगुलाचं सोंग घेतलं. पोलीसदादा गप्पा मारत सिगारेट ओढत उभे राहिले. ती गाडी निघाल्यावर हॅमिल्टन आत परतला, तर साथीदार बेपत्ता आणि दुसऱ्या गाडीची किल्ली अंधारात कुठेतरी पडलेली. ती शोधून मोठा तुकडा त्याने एकट्याने ओढत गाडीत घातला म्हणे. हा तपशील त्याच्याच आठवणींतला, तेव्हा थोडं तिखटमीठ गृहीत धरावं.

सरकारने इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर नाकाबंदी केली. ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात या शिळेवरची पुस्तकं कोणी वाचली, यावरून संशय हॅमिल्टनवर आला. दरम्यान रॉबर्ट ग्रे या पाथरवटाने तुकडे जोडले आणि ११ एप्रिल १९५१ रोजी शिळा स्कॉटलंडमधल्या आरब्रोथच्या भग्न मठात ठेवली गेली. तिथून ती परत वेस्टमिन्स्टरला नेण्यात आली.

खटला भरलाच नाही. सार्वजनिक हिताचा नाही, असं ॲटर्नी जनरल हार्टली शॉक्रॉस यांनी सांगितलं. मला यात कायद्याची अडचणही दिसते. चोरी म्हटली की मालक कोण हा प्रश्न आला. बचाव पक्षाने पहिला आरोपी म्हणून साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या एडवर्डलाच उभं केलं असतं, आणि स्कॉटिश जनता टाळ्या वाजवत बसली असती.

हॅमिल्टन पुढे नामांकित वकील झाला. शिळा १९९६ साली सरकारी इतमामात स्कॉटलंडला परतली आणि २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. सगळी नाही. जोडताना निघालेल्या कपच्या ग्रे यांनी ओळखीपाळखीत वाटून टाकल्या होत्या. त्यांतली एक २००८ साली थेट स्कॉटलंडच्या प्रथम मंत्र्यांच्या, ॲलेक्स सॅमंड यांच्या हाती आली.