बोटातली नाडी

"हे घोरायचे थांबले की मला जाग येते," मामी सहज बोलून गेल्या. ते ऐकल्यावर मामांच्या झोपेची तपासणी होती त्या रात्री मी त्यांच्या गावी, केंदूरला मुक्कामालाच गेलो. संत कान्होराज महाराज पाठकांच्या या गावाला हरिजागर नवा नाही. मामी मात्र कित्येक वर्षं एकट्याच जागत होत्या. घरात सगळे म्हणायचे, मामा घोरतात म्हणजे गाढ झोपतात.

तपासणीसाठी पुण्याहून आलेल्या मुलीनं छातीला पट्टा बांधला, नाकाशी नळी लावली. खरा वेळ दिला तो बोटाला. मामा दिवसभर चाळीत कांदा निवडत होते. हाताला तोच उग्र वास, नखात माती. तिनं बोट कोमट पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं लिहून घेतली. काही गोळ्यांनी नाडीची चाल बदलते. मग नाडी टिपणारा चिमटा बोटावर थोडा थोडा सरकवत नीट बसवला. "काका, रात्री हे बोट सगळं सांगणार."

सकाळी लॅपटॉपवर आलेख उघडला. तासाला 38 वेळा श्वास अडत होता, तोही दर खेपेला किमान 10 सेकंद. श्वास अडला की नाडी मंदावते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू दचकतो, नाडी उसळते, बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि पडद्यावरची लाट एकदम बारीक होते. मामांना यातलं काहीच आठवत नव्हतं. तासाला 38, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला शरीर घाबरून उठत होतं.

ही सगळी धावपळ मज्जातंतू घडवतात. ती थेट मोजायला संशोधक पायाच्या मज्जातंतूत बारीक सुई घालतात. 1995 साली अशाच मोजणीतून दिसलं, की झोपेत असा श्वास अडणाऱ्या रुग्णांचे मज्जातंतू दिवसा, जागेपणीही ताणलेलेच असतात. गोळ्या घेऊनही मामांचा रक्तदाब का उतरत नव्हता, याचं एक कारण मला तिथं सापडलं. बोटाचा चिमटा सुईइतकं नेमकं सांगत नाही, पण तो केंदूरच्या खाटेपर्यंत येतो. मला त्याचं मोल फार वाटतं.

तासाला 30च्या वर आकडा गेला की आजार तीव्र धरतात. मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र लावावं लागेल, त्या रात्रीही हाच चिमटा लावू, म्हणजे नाडी शांत होते का ते कळेल, असं ती मुलगी म्हणाली.

"कांदा विकला की बघू," मामा म्हणाले.

मी तिथंच हट्ट धरला. मामा रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवर शिक्रापूरला जातात, आणि परवाच वाटेत त्यांचा डोळा लागला होता.